हार्डडिस्क नाही, यादी लांब होती!

रामटेकहून मी बोलतोय. हा आजच्या भागाचा लेखी पाठ.

मी कॉलेजात असतानाची गोष्ट. लॅबच्या लिनक्स सर्व्हरवर सगळ्यांच्या होम फोल्डर्सची यादी मागितली, म्हणजे ‘एलएस डॅश एल’ केलं, की स्क्रीन अडकायची. सगळे म्हणायचे, हार्डडिस्क गेली, नवी मागवा. डिस्क ठणठणीत होती. पास होऊन गेलेल्या मुलांची खाती कुणी काढलीच नव्हती, बस्स!

आता हे समजून घ्या. फाइलसोबत मालकाचं नाव नसतं, फक्त नंबर असतो. नाव असतं ‘पासडब्ल्यूडी’ नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एका ओळीत एक खातं. तिला इंडेक्स नाही, त्यामुळे शोध दरवेळी पहिल्या ओळीपासून. मतदान केंद्रावर चिठ्ठीवर भाग क्रमांक, अनुक्रमांक असतो म्हणून नाव पटकन सापडतं. चिठ्ठीच नसती तर?

हिशेब करा. 10,000 खाती, 10,000 फोल्डर. एका नावासाठी सरासरी 5,000 ओळी. झाल्या 5 कोटी ओळी!

ग्रुपची फाइल आणखी चिवट. लॉगिन करताना तुम्ही कुठकुठल्या ग्रुपमध्ये आहात ते बघायला ती शेवटपर्यंत वाचावीच लागते, कारण तुमचं नाव कुठल्याही ओळीत असू शकतं.

मग खरा दोषी ओळखायचा कसा? ‘एलएस डॅश एन’ करा. यात नावांऐवजी नंबरच दिसतात, शोध होत नाही. हे झटकन आलं आणि ‘डॅश एल’ रखडलं, तर खर्च थांबवा. डिस्कचा दोष नाही.

उपाय? जुनी खाती काढा, पण आधी त्यांच्या फाइलींचं काय करायचं ते ठरवा. एनएससीडी चालू करा, तो सापडलेली नावं काही वेळ लक्षात ठेवतो. खाती फारच असतील तर इंडेक्स असलेल्या एलडॅप डिरेक्टरीत न्या. आणि शेकडो खाती उघडायची असतील तर एकेक नको, ‘न्यूयूजर्स’ने एकदम उघडा, नाहीतर प्रत्येक खात्यामागे अख्खी फाइल पुन्हा लिहिली जाते.

गंमत म्हणजे तुमच्या हातातल्या अँड्रॉइडवरही प्रत्येक अ‍ॅपला साधारण असाच नंबर असतो, 10,000 पासून पुढे. पण तिथे नाव यादीत शोधत नाहीत, नंबरावरूनच बनवतात: 10,057 असेल तर ‘यू-शून्य, ए-सत्तावन्न’. यादीच नाही, तर लांबणार काय?

तुमच्या लॅबमध्ये ‘डॅश एन’ करून बघा. भेटू पुढच्या भागात!