‘द विंड’: नाही म्हणायला जागा नसलेली लेटी

जबरदस्तीचं लग्न म्हटलं की हुकूम सोडणारा बाप किंवा पैसे मोजणारा म्हातारा नवरा डोळ्यांसमोर येतो. ‘द विंड’ या १९२८ च्या अमेरिकन मूकपटात यातलं कुणीच नाही. तरी लेटीचं लग्न जबरदस्तीचंच आहे.

व्हर्जिनियात वाढलेली लेटी (लिलियन गिश) टेक्ससच्या उजाड मुलखात नात्यातल्या भावाकडे राहायला येते. तिथला वारा थांबतच नाही, घरभर वाळू. एक प्रसंग बघा: भावजय कोरा रक्ताळलेल्या हातांनी जनावर कापतेय, लेटी बाजूला इस्त्री करतेय, आणि मुलं आईला सोडून लेटीकडे धावतात. कोराला खलनायिका म्हणणं सोपं आहे. मला मात्र तिचा राग कळला.

कोरा तिला घराबाहेर काढते. गोड बोलणारा रॉडी आधीच बायको असलेला निघतो. हातात पैसा नाही, परत जायची सोय नाही. मागणी घातलेल्या दोन काउबॉयपैकी एकाला, लायजला, ती होकार देते. आमच्या चर्चमध्ये लग्न लावताना फादर विचारतात, कुणाच्या दबावाशिवाय, स्वखुशीने आलात ना? लेटीने ‘हो’ म्हटलं असतं तर तिला खोटं कोण ठरवणार? तिला कुणी बांधून आणलं नव्हतं. गोम तिथेच आहे.

लग्नाच्या रात्रीचा प्रसंग तर दोनदा पाहावा असा. दाराच्या अलीकडे-पलीकडे येरझाऱ्या घालणारी दोघांची पावलं कॅमेरा दाखवतो. संवाद नाही, तरी दोघांची घालमेल कळते. लायज जबरदस्तीने चुंबन घेतो, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा तिरस्कार त्यालाही दिसतो. मग तो शब्द देतो: पुन्हा हात लावणार नाही, पैसे जमवून तुला परत पाठवीन.

स्वीडनहून आलेले दिग्दर्शक व्हिक्टर शोस्ट्रॉम यांनी हे चित्रण मोहावेच्या वाळवंटात, विमानाच्या पंख्यांनी वाळू उडवून केलं. आवाज नसताना वारा ‘ऐकवायचा’ म्हणजे चेष्टा नाही! आकाशात उधळणारा पांढरा घोडा म्हणून तो दिसतो. पुढे वादळी रात्री एकट्या लेटीवर रॉडी अत्याचार करतो, सकाळी ती त्याला गोळी घालते आणि वाळूत पुरते. वारा ती वाळू उडवू लागतो. हे बघताना मी अक्षरशः श्वास रोखून बसले होते.

डोरोथी स्कारबरोच्या १९२५ च्या मूळ कादंबरीत लेटी वेडाच्या भरात वादळात निघून जाते. सिनेमात ती लायजसोबत राहते, म्हणून बरेच जण या शेवटाला गुळगुळीत म्हणतात. पण तेव्हा तिला परत पाठवायची लायजची तयारी असते. म्हणजे पहिल्यांदाच तिला ‘नाही’ म्हणता येत असतं, आणि ती राहते. इतकं मला पटतं. वाऱ्याची भीती मात्र अशी एका क्षणात कशी गेली, ते काही केल्या पटत नाही.