सोळा वर्षांनी पुन्हा रिंगमध्ये

(लेखमाला : उशिरा आलेले पुढचे भाग — लेखांक सहावा)

2006 साली 'रॉकी बाल्बोआ'ची पहिली झलक लोकांपुढे आली, तेव्हा आधी हशा पिकला. साठीला टेकलेला सिल्व्हेस्टर स्टॅलोन, हातात ग्लोव्ह्ज आणि समोर ऐन उमेदीतला हेवीवेट विजेता! टीव्हीवरच्या विनोदवीरांना आयतं गिऱ्हाईक सापडलं. कुबडी घेऊन रिंगमध्ये उतरणार का, दात काढून ठेवणार का, असल्या विनोदांना ऊत आला. मालिकेचे जुने चाहते मात्र हसण्यापेक्षा धास्तावलेले होते. एकदा पोळलेले होते बिचारे.

पोळले होते ते 1990 च्या 'रॉकी 5' ने. चौथ्या भागाने एकट्या अमेरिकेत सुमारे 12 कोटी 70 लाख डॉलर कमावले होते. पाचव्याची मजल तिथे जेमतेम 4 कोटींपर्यंत गेली. पण पैशापेक्षा चाहत्यांना बोचली ती गोष्ट. मेव्हण्याच्या, म्हणजे पॉलीच्या, गाढवपणामुळे रॉकीची सगळी मिळकत जाते, डॉक्टर मेंदूला इजा झाल्याचं सांगतात, आणि ज्या पोराला तो तयार करतो तेच उलटतं. शेवटची लढत रिंगमध्येही नाही, भर रस्त्यावर. पहिल्या भागाचे दिग्दर्शक जॉन एव्हिल्डसन परत आले होते, तरी सूर लागला नाही. खुद्द स्टॅलोनने पुढे एका मुलाखतीत या भागाला दहापैकी शून्य गुण देऊन टाकले. सहाव्या भागाकडे चाहते पाहतात ते हे जुनं देणं फिटलं की नाही, याच हिशेबाने. त्यामुळे या चित्रपटावरची मतं इतर उशिरा आलेल्या भागांपेक्षा जास्त जिव्हाळ्याची आणि जास्त भांडकुदळही आहेत.

मागच्या आठवड्यात आपण 'गॉडफादर'चा तिसरा भाग पाहिला. तोही असाच सोळा वर्षांनी आला होता, 1974 नंतर थेट 1990 मध्ये. दोन्ही मालिकांत एक चेहरा सामाईक आहे. टालिया शायर तिकडे कॉर्लिओने घरातली कॉनी झाली आणि इकडे रॉकीची एड्रियन. 'रॉकी बाल्बोआ'त ती जुन्या दृश्यांच्या तुकड्यांपुरतीच दिसते, कारण एड्रियन कॅन्सरने गेलेली आहे. पहिल्या मसुद्यात ती जिवंत होती. पण त्यामुळे गोष्टीला धार येईना म्हणून तिला काढावं लागलं, असं स्टॅलोनने सांगितलं आहे. चाहत्यांचा एक गट त्याला हे आजही माफ करत नाही. त्यांच्या लेखी रॉकीची गोष्ट बॉक्सिंगची कधी नव्हतीच, ती दोन बुजऱ्या माणसांच्या संसाराची होती. अर्धा संसारच उचलून नेला, मग उरलं काय?

उरलं ते असं : रॉकी रोजच्यासारखा स्मशानात येतो, जवळच्या झाडाच्या बेचक्यात अडकवून ठेवलेली घडीची खुर्ची काढतो, उघडतो आणि बायकोच्या थडग्यापाशी बसतो. निघताना खुर्ची परत झाडावर. तो इथे किती वेळा येत असेल, हे एका शब्दानेही सांगावं लागत नाही. फिलाडेल्फियाच्या लॉरेल हिल स्मशानभूमीत चित्रीकरणासाठी उभारलेली एड्रियनच्या नावाची शिळा अजून तिथेच आहे, आणि कधीच जन्माला न आलेल्या त्या बाईच्या 'थडग्या'वर चाहते फुलं ठेवून जातात. एड्रियनला मारलं म्हणून रागावणारे आणि फुलं ठेवणारे पुष्कळदा तेच असावेत, असा दाट संशय येतो.

पहिला तासभर रॉकी रिंगमध्ये उतरत नाही. 'रटाळ' म्हणून नाक मुरडणारे इथेच गळतात. पण मालिका पाठ असणाऱ्यांची खरी दिवाळी याच तासात आहे. 1976 च्या पहिल्याच दृश्यात रॉकीकडून मार खाणारा स्पायडर रिको आठवतो? तो इथे रॉकीच्या 'एड्रियन्स' या रेस्टॉरंटमध्ये जेवायला येतो, आणि काम केलंय त्याच नटाने, पेद्रो लोव्हेलने. पहिल्या भागात रस्त्यावर टवाळ पोरांत उभी राहणारी, रॉकीने घरी सोडल्यावर त्यालाच शिवी हासडणारी छोटी मारी इथे मोठी होऊन, एका मुलाची आई म्हणून भेटते. रॉकीची कफ आणि लिंक ही कासवंसुद्धा पहिल्या चित्रपटातलीच आहेत. तीस वर्षांनी तीच भूमिका करणारे असे कलाकार क्वचितच मिळायचे. बायकोच्या स्मृतिदिनी रॉकी पॉलीला घेऊन जुन्या जागा हिंडतो. पाळीव प्राण्यांचं दुकान बंद, स्केटिंगची रिंक पाडलेली. पॉली कंटाळून वैतागतो, आणि तो वैतागही प्रेक्षकांच्या मनातलाच आहे : किती दिवस उगाळायचं तेच तेच?

चित्रपट टिकला तो इथे. 'आता पुरे की!' ही चाहत्यांची तक्रार स्टॅलोनने पटकथेतच घेतली आणि एकेका पात्राच्या तोंडी घातली. पॉली म्हणतो, मुलगा रॉबर्ट म्हणतो, समालोचक म्हणतात आणि बॉक्सिंगचा परवाना देणारं मंडळही म्हणतं. वैद्यकीय चाचण्या पार पडूनही मंडळ परवाना नाकारतं, तेव्हा रॉकी त्यांच्यापुढे उभा राहून वाद घालतो. रस्त्यावर मुलाला दिलेला उपदेश लोकांनी भिंतींवर लावला, शाळांच्या कार्यक्रमांत म्हटला. पण मंडळापुढचं हे भाषण त्याहून सरस आहे, कारण तिथे तो उपदेश करत नाही, आपलं मागणं मागतो.

अर्थात भोक आहे, आणि मोठं आहे. पाचव्या भागात ज्या मेंदूच्या इजेमुळे रॉकीला खेळ सोडावा लागला, ती गेली कुठे? सहाव्या भागात तिचा उल्लेखही नाही. पाचवा भाग घडलाच नाही असं समजून चालणारे चाहते यावर खांदे उडवतात. तर्काला चिकटून राहणारे अजून भांडतात. वयाचा मुद्दा निघाला की जॉर्ज फोरमनचं नाव हमखास पुढे येतं. 5 नोव्हेंबर 1994 ला त्याने मायकेल मूररला चित करून हेवीवेटचा किताब परत मिळवला, तेव्हा तो 45 वर्षांचा होता. दाखला चांगला आहे, पण पंचेचाळीस आणि साठीच्या आसपास यात फरक केवढा! म्हणून चित्रपट जरा सावधपणे वागतो. ही लढत किताबाची नाही, दहा फेऱ्यांची प्रदर्शनी आहे. जुना प्रशिक्षक ड्यूक तर स्पष्टच हिशेब मांडतो : मानेला संधिवात, सांध्यांत कॅल्शियम साचलंय, वेग आता येणार नाही, तेव्हा राहिलं ते फक्त वजनदार ठोशांचं बळ, तेवढंच वाढवायचं. सरावाच्या दृश्यांत हेच दिसतं. बिल काँटीचं संगीत सुरू झालं की एरवीचे टीकाकारही गप्प होतात, हा भाग वेगळा.

लढत ठरते कशी, याची मात्र सगळ्यात जास्त थट्टा झाली. टीव्हीवर संगणकाच्या साहाय्याने आजचा विजेता मेसन डिक्सन आणि ऐन भरातला रॉकी यांची काल्पनिक लढत दाखवतात, त्यात रॉकी जिंकतो, आणि डिक्सनच्या माणसांना धंदा दिसतो. ही कल्पना पोरकट वाटली तरी हवेतून आलेली नाही. 1969 मध्ये मायामीत मरे वोरोनर या रेडिओ निर्मात्याने मुहम्मद अली आणि रॉकी मार्सियानो यांना एका स्टुडिओत समोरासमोर उभं केलं होतं. अलीवर तेव्हा लष्करभरती नाकारल्याबद्दल बंदी होती. 45 वर्षांचा मार्सियानो निवृत्त होऊन तपापेक्षा जास्त काळ लोटला होता. त्याने वजन उतरवलं, डोक्यावर टोप चढवला. दोघांनी एकेका मिनिटाच्या कितीतरी फेऱ्या कॅमेऱ्यापुढे खेळल्या आणि 'निकाल' संगणकाने दिला. 1970 च्या जानेवारीत तो चित्रपटगृहांत दाखवला, तेव्हा तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. तो पाहायला मार्सियानो मात्र उरला नव्हता. 31 ऑगस्ट 1969 ला विमान अपघातात तो गेला.

डिक्सनबद्दल चाहत्यांचं जवळपास एकमत आहे : गडी दमदार, पात्र पातळ. रॉकीच्या आधीच्या प्रतिस्पर्ध्यांपैकी अपोलो क्रीडचा तोरा नाही, क्लबर लँगची दहशत नाही, ड्रॅगोचा थंडपणा नाही. पण डिक्सन झालेला अँटोनियो टार्व्हर हा खराखुरा बॉक्सर होता. 2004 मध्ये त्याने रॉय जोन्स ज्युनियरला दुसऱ्याच फेरीत झोपवलं होतं. मूळचा लाइट हेवीवेट. हेवीवेट दिसण्यासाठी त्याने वजन वाढवलं, मग उतरवलं, आणि 10 जून 2006 ला बर्नार्ड हॉपकिन्सकडून हरला. त्या पराभवाचं खापर या चढउतारावर फोडणारे बॉक्सिंगप्रेमी आहेत.

गंमत म्हणजे याच हॉपकिन्सचा चित्रपटालाही हातभार लागला. डिसेंबर 2005 मध्ये लास व्हेगासच्या मँडले बे इथे त्याची जर्मेन टेलरशी लढत होती. तिथे जमलेली गर्दी स्टॅलोनने आयतीच वापरली. शेवटची लढत टीव्हीवरच्या प्रक्षेपणासारखी दिसते, समालोचकही खरेच, आकडे पडद्यावर झळकतात. जुन्या भागांतली नाटकी ठोसेबाजी ज्यांना हवी होती ते हिरमुसले. शिवाय दुसऱ्याच फेरीत डिक्सनचा डावा हात मोडतो. पटकथेने म्हाताऱ्याच्या पारड्यात गुपचूप टाकलेलं वजनच ते, आणि चाहत्यांनी ते पकडलं.

निकाल? विभागलेला, आणि रॉकीच्या विरुद्ध. 1976 मध्ये अपोलोपुढेही अगदी असाच हरला होता. पण या वेळी तो निकालाची घोषणा ऐकायलाही थांबत नाही, लोकांच्या टाळ्या घेत चालू लागतो. डीव्हीडीवर रॉकी जिंकल्याचा पर्यायी शेवटही दिलेला आहे. तो पाहून पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला, कारण तो शेवट पडद्यावर आला असता तर सुरुवातीच्या सगळ्या विनोदवीरांचं म्हणणं खरं ठरलं असतं. 2 कोटी 40 लाख डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाने जगभरात साडेपंधरा कोटींच्या आसपास कमाई केली.

खरं भांडण पेटलं ते नऊ वर्षांनी. 2015 मध्ये रायन कूगलरचा 'क्रीड' आला आणि रॉकी कोपऱ्यातला प्रशिक्षक झाला. स्टॅलोनला त्यासाठी गोल्डन ग्लोब मिळालं, ऑस्करचं नामांकनही मिळालं. याच पात्रासाठी पहिलं नामांकन 1977 मध्ये होतं. तरीही एक गट ठाम आहे : रॉकीची गोष्ट 2006 लाच संपली, पुढचं सगळं अपोलोच्या मुलाचं. दुसरा गट म्हणतो, म्हातारा रॉकी सुसह्य करून दाखवला तो सहाव्या भागाने. तो नसता तर 'क्रीड'ला पैसे कोणी लावले असते? दुसऱ्या गटाचं पारडं जड वाटतं. पण 2023 च्या 'क्रीड 3' मध्ये स्टॅलोन नव्हताच, आणि पहिल्या गटाला नवा दारूगोळा मिळाला.

(पुढच्या लेखांकात : पस्तीस वर्षांनी आलेला 'ब्लेड रनर 2049'.)