उंदीर, वॉशिंग मशीन आणि उघडी वायर

गेल्या सप्टेंबरात पंधरा दिवस गावाला राहून आम्ही बनशंकरीच्या घरी परतलो. वॉशिंग मशीनचे बटण दाबले आणि अख्ख्या घराची वीज गेली. बोर्डावरचा आरसीसीबी पडला होता. तो वर करून मी पुन्हा बटण दाबले, पुन्हा अंधार. मेकॅनिकने मशीन आडवे केले तेव्हा आतून चिंध्या, शेंगांची टरफले आणि रबरी नळीचे तुकडे पडले. दोन वायरी उघड्या झाल्या होत्या आणि त्यांतली एक पत्र्याला टेकली होती.

दुसऱ्यांदा बटण दाबणे हा माझा शुद्ध मूर्खपणा होता. उघडी वायर पत्र्याला टेकली की सगळे मशीनच विजेचे होते. अर्थिंग ठीक असेल तर वीज जमिनीत जाते, आणि अशी ३० मिलीअँपिअर वीज गळली की घरगुती आरसीसीबी पुरवठा तोडतो. अर्थिंग तुटलेले असेल आणि आरसीसीबीही नसेल, तर ती वीज ओल्या हाताने झाकण उघडणाऱ्या माणसातून जाते. म्हणून उंदराने केलेले नुकसान दुरुस्तीच्या बिलावर मोजू नये. (बिलही आपल्यालाच भरावे लागते, बहुतेक वॉरंटीत उंदरांचे नुकसान धरत नाहीत.)

उंदीर वायर खातो ती भुकेने नव्हे. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात. त्यांना कठीण आवरण असते ते फक्त पुढच्या बाजूला. मागची बाजू लवकर झिजते आणि पटाशीसारखी धार आपोआप राहते. कुरतडणे थांबले तर दातच त्याला जगू देणार नाहीत. त्यात अनेक मशीनचा तळ उघडा असतो, आत अंधार असतो आणि मशीन वापरात नसेल तर कोणी त्रासही देत नाही. फ्रिजच्या मागे तर कॉम्प्रेसरची ऊबही मिळते.

आपल्या कॅडेटना युद्धाच्या इतिहासातले उदाहरण आवडेल. नोव्हेंबर १९४२ मध्ये स्टालिनग्राडजवळ सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला तेव्हा जर्मनांच्या २२ व्या पँझर डिव्हिजनचे कित्येक रणगाडे चालेनात. इंधनाअभावी ते बराच काळ पेंढ्याखाली झाकून उभे होते, आणि पेंढ्यातल्या उंदरांनी आतल्या वायरींचे आवरण कुरतडले होते. माझ्या मशीनचेही हेच झाले: बंद यंत्र आणि शेजारी चिंध्यांचा ढीग.

बेंगळुरूला उंदीर नवे नाहीत. १८९८ मध्ये इथे प्लेग आला, आणि त्यानंतर बनशंकरीला लागून असलेल्या बसवनगुडीसारख्या मोकळ्या वसाहतींना वेग आला. आजही जोराच्या पावसात गटारे भरली की उंदीर घराकडे वळतात. गटाराजवळ बिळे करणारी मोठी घूस (कन्नडमध्ये हेग्गण) वेगळी, पाइपावरून वरच्या मजल्यावर चढणारा काळा उंदीर वेगळा. लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री तर उंदीरच नाही. ती किडे खाते, वायरीच्या वाटेला जात नाही. तिला मारू नका.

आता उपाय. मशीनमध्ये उंदराची लेंडी, वास किंवा कुरतडलेली नळी दिसली की आधी बोर्डावरून वीज बंद करा, मगच प्लग काढा. लेंड्या कोरड्या झाडू नका. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडा, पाच मिनिटे थांबा आणि हातमोजे घालून पुसा. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. कुरतडलेल्या वायरीला टेप गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे, वायर बदलायलाच हवी. हे काम मेकॅनिकचे.

विषाची घाई करू नये. दुकानात मिळणारी बरीच विषे काही दिवसांनी परिणाम करतात, आणि तोवर उंदीर नेमका मशीनमध्येच जाऊन मरतो. तो वास आठवडाभर जात नाही. चिकट सापळ्यात उंदीर हाल होऊन मरतो, तोही नको. पिंजरा बरा. इथल्या हार्डवेअरच्या दुकानात ‘इलि बोनु’ म्हटले की मिळतो. तो भिंतीला लागून ठेवा, कारण उंदीर भिंतीच्या कडेनेच धावतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस खोबऱ्याचा तुकडा ठेवून पिंजरा उघडाच राहू द्या. चाप नंतर लावा.

पण खरा उपाय वाट बंद करण्याचा. लहान उंदराला पेन्सिलीएवढे भोकही पुरते. सांडपाण्याच्या पाइपाभोवतीची फट स्टीलवूल कोंबून सिमेंटने भरा. मशीनच्या तळाला ६ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी बसवून घ्या. प्लास्टिकची जाळी तो एका रात्रीत कापतो. फ्रिजच्या मागे मात्र हवा खेळती हवी, तिथे काही कोंबू नका.

बदलीमुळे किंवा सुट्टीमुळे घर बंद ठेवणाऱ्या पालकांनी निघताना प्लग काढावेत आणि जुने कपडे, रद्दी मशीनजवळ ठेवू नये. परतल्यावर बटण दाबण्याआधी टॉर्च घेऊन तळाशी आणि मागे पाहावे. हे काम सुट्टीवर आलेल्या कॅडेटला द्यायला हरकत नाही; जमिनीवर पालथे पडून निरीक्षण करण्याचा सराव त्याला आहेच.