मोगलांच्या दक्षिणी राजधानीत पाण्याचा शोध

भंडारा : ताजमहाल पाहण्यासाठी आग्र्यास जाण्याची इच्छा प्रत्येकाच्या मनात असते, परंतु मोगल वास्तुकलेचे दर्शन घडविणारे एक शहर आपल्याच राज्यात आहे, याचे विस्मरण होते. हे शहर म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. २०२३ मध्ये त्याचे छत्रपती संभाजीनगर असे नामांतर झाले. धानाची कापणी-मळणी आटोपली की भंडारा जिल्ह्यातील अनेक कुटुंबे वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीस निघतात. त्यांनी एक दिवस या शहरासाठी राखून ठेवावा. 'तलावांचा जिल्हा' म्हणविणाऱ्या भंडाऱ्याच्या माणसाला तेथे इमारतींपेक्षाही मोलाचे असे काही पाहावयास मिळते. ते म्हणजे पाण्याची व्यवस्था.

या शहराचा आरंभ मोगलांनी केलेला नाही. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी या गावी हे नगर वसविले. मोगलांवरील विजयाची खूण म्हणून त्याने उभारलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. पुढे दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने शहराला आपले नाव दिले आणि तट बांधून ते बंदिस्त केले. 'बावन्न दरवाजांचे शहर' ही ओळख पुढे रूढ झाली. आज त्यांतील दिल्ली, मकाई, पैठण, रंगीन असे मोजकेच दरवाजे शिल्लक आहेत.

प्रवाशांचे पहिले आकर्षण अर्थातच बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिचे १६५७ मध्ये निधन झाले. तिच्या स्मरणार्थ उभारलेली ही वास्तू शहाजादा आझमशहाच्या नावाशी जोडली जाते. स्थापती अताउल्ला हा ताजमहालाचे प्रमुख वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी यांचा पुत्र, तर अभियंता हंसपतराय. या दोघांची नावे प्रवेशद्वारावरील लेखात आहेत. सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद आवारात चारबाग पद्धतीचा बगीचा, मध्यभागी उंच जोते आणि चार कोपऱ्यांस चार मिनार अशी रचना आहे. ताजमहालाची नक्कल म्हणून या वास्तूची उपेक्षा होते, ती मात्र योग्य नव्हे. संगमरवर येथे केवळ खालच्या भागास आणि घुमटास आहे. मधल्या भागात दख्खनचाच काळा पाषाण असून त्यावर चुन्याच्या गिलाव्यात नाजूक नक्षी काढलेली आहे. बांधकामास ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे खर्च आल्याची नोंद सांगितली जाते. अपुरा निधी आणि स्थानिक दगड यांतून कारागिरांनी काय साधले, या दृष्टीने मकबरा पाहावा. आतील कबर खालच्या पातळीवर असून अष्टकोनी संगमरवरी जाळीने वेढलेली आहे.

मकबऱ्याहून खाम नदीच्या काठी असलेल्या पाणचक्कीकडे जावे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरातील ही वास्तू अठराव्या शतकातील, म्हणजे निजामाच्या अमलातील आहे. सुमारे सहा किलोमीटरवरील डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येथवर आणले, उंचावरून पाडले आणि त्या जोरावर जाते फिरविले. त्यात यात्रेकरू व फकिरांसाठी धान्य दळले जाई. येथील हौदाचा तळ हाच खालच्या दालनाचे छप्पर असल्याने ते दालन उन्हाळ्यातही थंड राहते. कोणत्याही इंधनाशिवाय, केवळ उताराचा नेमका अंदाज घेऊन हे साधले आहे.

या कल्पनेचे मूळ मलिक अंबराच्या 'नहर-ए-अंबरी'त आहे. उत्तरेकडील डोंगरातील भूजल त्याने जमिनीखालील बोगद्यांतून शहरात आणले. पाणी झाकलेले असल्याने बाष्पीभवन टळत असे. नंतरच्या काळात अशा आणखी नहरी निघाल्या आणि लष्करी छावण्यांसह मोठी वस्ती त्यांवर पोसली गेली. कालांतराने मात्र नहरींवर बांधकामे झाली, झरे बुजले आणि देखभाल थांबली. आता शहराची तहान जायकवाडीच्या पाण्यावर भागते आणि कित्येक दिवसांच्या अंतराने येणाऱ्या नळाची प्रतीक्षा हा तेथील नागरिकांच्या परिचयाचा अनुभव आहे.

येथेच भंडारेकराने आपल्या गावाकडे वळून पाहावे. मोगल काळ आपल्यालाही अपरिचित नाही. औरंगजेबाच्या दरबारी जाऊन इस्लाम स्वीकारलेला देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्याच अमलातील तुमसरजवळचा आंबागड. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने या भागात शेकडो तलाव आणि बोड्या बांधल्या. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालील जमीन, असे धोरण होते, असे सांगतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली व तलाव शासनाकडे गेले. तेच आजचे 'मामा' तलाव, म्हणजेच माजी मालगुजारी तलाव. मात्र पाळीची डागडुजी आणि गाळाचा उपसा ही गावाची जबाबदारी कोणाचीच उरली नाही. अनेक तलाव गाळाने उथळ झाले, काहींत बेशरम माजली, काहींवर अतिक्रमण झाले. नहरींचे जे झाले, तेच तलावांचे होऊ द्यावयाचे काय, हा प्रश्न पाणचक्कीच्या हौदाजवळ उभे राहिल्यावर टाळता येत नाही.

परतण्यापूर्वी सुमारे २५ किलोमीटरवरील खुलताबादला भेट द्यावी. १७०७ मध्ये मरण पावलेल्या औरंगजेबाची साधी, उघडी कबर येथे आहे आणि ज्याला मोगल अखेरपर्यंत नमवू शकले नाहीत, तो मलिक अंबरही याच गावी विसावला आहे.

कसे जावे : भंडाऱ्याहून हे शहर सुमारे पाचशे किलोमीटरवर आहे. नागपूरहून समृद्धी महामार्गाने मोटारीने जाता येते. रेल्वेने जावयाचे झाल्यास मनमाडला गाडी बदलावी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. वेरूळची लेणी मंगळवारी, तर अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावेत.