गेम जॅम

गेम जॅम हा ठरावीक व अल्प मुदतीत, बहुधा ४८ तासांत, एक खेळ पूर्ण करून दाखवण्याचा सामूहिक उपक्रम होय. तयार होणारा खेळ बहुतेक वेळा संगणकावरचा असतो, मात्र पटावरचे किंवा पत्त्यांचे खेळही त्यात चालतात. विषय आयत्या वेळी जाहीर होतो आणि एकमेकांना अनोळखी असलेली माणसे तीन-चार जणांचे गट करून कामाला लागतात. व्यावसायिक व्हिडिओ गेम अनेकदा शेकडो माणसांच्या काही वर्षांच्या श्रमांतून आणि बंद दाराआड घडतात. गेम डिझाइनच्या विद्यार्थ्याला त्यामुळे तयार खेळ दिसतो, त्याची घडण दिसत नाही. जॅम आणि त्याच्या जोडीने होणारी व्याख्याने ही ती घडण उघड्यावर पाहण्याची मुख्य ठिकाणे आहेत.

'जॅम' हा शब्द जॅझ संगीतातून आला. वादक पूर्वतयारीशिवाय एकत्र जमून जे वाजवतात त्याला 'जॅम सेशन' म्हणतात. मराठी वाचकाला समस्यापूर्तीची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे: चरण दुसऱ्याने द्यायचा आणि श्लोक आपण तिथल्या तिथे पुरा करायचा. फरक इतकाच की समस्यापूर्ती एकट्याची असते, तर जॅममध्ये कल्पना एकाची, प्रोग्रॅम दुसऱ्याचा, चित्रे तिसऱ्याची आणि ध्वनी चौथ्याचा असू शकतो.

इतिहास

या उपक्रमाची सुरुवात विद्यार्थ्यांनी केली नाही. मार्च २००२ मध्ये अमेरिकेतील ओकलंड येथे क्रिस हेकर, शॉन बॅरेट आदी अनुभवी प्रोग्रॅमरांनी 'इंडी गेम जॅम' भरवला. एकाच वेळी पडद्यावर एक लाख लहान आकृत्या हलवू शकणारे इंजिन सर्वांना देण्यात आले आणि चार दिवसांत त्यावर निरनिराळे खेळ रचले गेले. मोठ्या कंपन्या धोका पत्करत नाहीत, त्यामुळे नव्या कल्पना तपासून पाहण्याची जागा उरलेली नाही, ही त्यामागची तक्रार होती. त्याच वर्षी 'लुडुम डेअर' ही ऑनलाइन स्पर्धा सुरू झाली.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने निर्णायक प्रयोग २००५ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात झाला. काइल गॅब्लर, काइल ग्रे, मॅट कुचिच आणि शालिन शोधन या चार पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी 'एक्सपेरिमेंटल गेमप्ले प्रोजेक्ट' नावाचा उपक्रम हाती घेतला. त्याचे नियम थोडके होते: प्रत्येक खेळ सात दिवसांच्या आत व्हावा, तो एकट्याने करावा आणि गुरुत्वाकर्षण, वनस्पती, थवे अशा एखाद्या सामाईक विषयाभोवती असावा. एका सत्रात त्यांनी पन्नासहून अधिक खेळ केले. त्यांतले बरेचसे विस्मरणात गेले, आणि प्रयोगाच्या दृष्टीने ते अपेक्षितच होते. चिकट गोळ्यांचा मनोरा रचण्याचा गॅब्लर यांचा एक छोटा खेळ मात्र पुढे वाढत गेला आणि २००८ मध्ये 'वर्ल्ड ऑफ गू' या नावाने गाजला. चौघांनी आपले अनुभव, चुकांसह, लेखरूपाने प्रसिद्ध केले. तो लेख आजही नवशिक्यांना वाचायला सांगितला जातो.

ग्लोबल गेम जॅम

कोपनहेगन येथे २००६ पासून होणाऱ्या 'नॉर्डिक गेम जॅम'च्या धर्तीवर सुझन गोल्ड, इयान श्रायबर, गॉर्म लाय आणि फोआद खोस्मूद यांनी जागतिक जॅमची आखणी केली. पहिला 'ग्लोबल गेम जॅम' जानेवारी २००९ मध्ये २३ देशांतील ५३ ठिकाणी एकाच वेळी झाला आणि त्यात सोळाशेहून अधिक जण सहभागी झाले. त्याचे उद्घाटनपर भाषण ध्वनिचित्रफितीच्या रूपाने गॅब्लर यांनीच केले. चार वर्षांपूर्वीचा विद्यार्थी आता व्याख्याता झाला होता. २०२० साली हीच संख्या ११८ देश, ९३४ ठिकाणे आणि सुमारे ४८ हजार सहभागी इतकी झाली होती. महासाथीमुळे २०२१ चा जॅम पूर्णपणे ऑनलाइन घ्यावा लागला. पुढे मूळच्या दोन दिवसांच्या मुदतीऐवजी आठवडाभराची चौकट देण्यात आली.

हा जॅम स्पर्धा नाही. त्यात केंद्रीय पातळीवर क्रमांक वा पारितोषिके दिली जात नाहीत. यजमानपद बहुधा महाविद्यालये, स्टुडिओ किंवा स्थानिक मंडळे स्वीकारतात. विषय कधी शब्दांत असतो (२०१६ मध्ये 'विधी', २०२० मध्ये 'दुरुस्ती', २०२३ मध्ये 'मुळे'), तर कधी शब्दांवाचून. २०१२ मध्ये स्वतःचीच शेपूट गिळणाऱ्या सर्पाचे चित्र देण्यात आले आणि २०१३ मध्ये केवळ हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवण्यात आला. त्या ठोक्यांवरून लंडनच्या एका स्टुडिओतील मंडळींना शस्त्रक्रियेची विनोदी कल्पना सुचली आणि 'सर्जन सिम्युलेटर' हा खेळ जन्मला.

४८ तासांच्या जॅमचा क्रम साधारण सगळीकडे सारखा असतो. शुक्रवारी संध्याकाळी विषय कळतो, कल्पना मांडल्या जातात, गट जुळतात. युनिटी, अनरिअल किंवा गोडो यांपैकी एखादे इंजिन निवडले जाते. शनिवारी दुपारपर्यंत खेळाचा कच्चा नमुना दुसऱ्या गटातील कोणाला तरी खेळायला देता आला नाही, तर तो खेळ रविवारी पुरा होणे कठीण असते. नवशिक्यांचे गट अडखळतात ते येथेच. प्रोग्रॅमिंग कमी पडते असे क्वचितच होते. बहुतेक वेळा कल्पना वेळेच्या मानाने फार मोठी असते. दहा पातळ्या, पाच शत्रू आणि एक दीर्घ कथा असा शुक्रवारचा बेत रविवारी एक पातळी आणि एक शत्रू यांवर येतो. काय गाळावे हे ठरवणे हाच डिझाइनचा गाभा असल्याने ही काटछाट वाया जात नाही. शेवटी प्रत्येक गट सर्वांसमोर आपला खेळ चालवून दाखवतो. तो मध्येच बंद पडला तरी टाळ्या मिळतात.

जॅममधून कल्पना कशी पुढे जाते याचे उत्तम उदाहरण म्हणजे फिनलंडचे आर्वी तेइकारी यांचा 'बाबा इज यू'. तो २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये 'तेथे नसलेले' या विषयावर घडला आणि पहिला आला. खेळात 'भिंत', 'आहे', 'अडथळा' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द ठोकळ्यांच्या रूपाने पटावर मांडलेले असतात. ते ओळीने जुळले की वाक्य होते आणि ते वाक्य हाच त्या क्षणीचा नियम ठरतो. एक शब्द ढकलून बाजूला केला की वाक्य मोडते आणि भिंतीतून आरपार जाता येते. उद्देश्य बदलले की खेळणाऱ्याचे रूप बदलते, विधेय बदलले की जिंकण्याची अट बदलते. (यातला 'बाबा' हा एक पांढरा प्राणी आहे, मराठी अर्थाशी त्याचा संबंध नाही.) व्याकरणालाच खेळाचे यंत्र करणारी ही कल्पना एका वाक्यात सांगता येते, म्हणूनच ती दोन दिवसांत उभी राहू शकली. २०१८ च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये तिला उत्कृष्ट रचनेचा आणि सर्वोत्तम विद्यार्थी-खेळाचा असे दोन्ही पुरस्कार मिळाले. संपूर्ण खेळ बाजारात यायला मात्र मार्च २०१९ उजाडले. दोन दिवसांची कल्पना आणि दोन वर्षांचे काम हे प्रमाण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

व्याख्याने व मेळावे

१९८८ मध्ये क्रिस क्रॉफर्ड यांनी सॅन होझे येथील आपल्या घरी पंचवीस-तीस गेम डिझायनरांना बोलावले. त्या घरगुती बैठकीतून 'गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स' ही आजची सर्वांत मोठी व्यावसायिक परिषद उभी राहिली. तिचे प्रवेशशुल्क विद्यार्थ्याला सहसा परवडणारे नसते. त्यामुळे स्वयंसेवक म्हणून राबून प्रवेश मिळवण्याची वाट अनेक जण धरतात. परिषदेतील बरीच व्याख्याने नंतर यूट्यूबवर विनामूल्य उपलब्ध होतात. जगभरच्या विद्यार्थ्यांनी या शास्त्राचे जे शिक्षण घेतले, त्यातला मोठा वाटा या चित्रफितींचा आहे.

या व्याख्यानांतला सर्वांत उपयुक्त प्रकार म्हणजे 'पोस्टमॉर्टेम'. खेळ प्रसिद्ध झाल्यावर त्याचे कर्ते काय साधले आणि काय फसले हे उघडपणे सांगतात. यशाच्या कथा सर्वच व्यवसायांत सांगितल्या जातात. स्वतःची फजिती सविस्तर सांगण्याची प्रथा मात्र विरळा, आणि विद्यार्थ्याच्या कामी येते ती फजितीच. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या 'इंटरनॅशनल गेम डेव्हलपर्स असोसिएशन'च्या स्थानिक शाखाही अशी भाषणे आणि अर्धवट खेळ एकमेकांना खेळायला देण्याच्या बैठका भरवतात.

भारतात नॅसकॉमची गेम डेव्हलपर परिषद २०१० च्या दशकाच्या पूर्वार्धात काही वर्षे पुण्यात आणि नंतर हैदराबाद येथे भरत आली. ग्लोबल गेम जॅमही भारतातील शहरांत होतो. जानेवारीच्या अखेरीस येत असल्याने काही वर्षी तो प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला लागून आला. २०१८ मध्ये तो २६ जानेवारीलाच सुरू झाला. व्याख्यानांची भाषा जवळजवळ सर्वत्र इंग्रजी आहे आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची खरी अडचण तीच आहे. जॅममध्ये ही अडचण कमी जाणवते, कारण तेथे बोलण्यापेक्षा करून दाखवण्याला महत्त्व असते. खेळ कोणत्या भाषेत असावा यावर बंधनही नसते.

आक्षेप व हक्क

रात्रभर जागून काम करणे ही जॅमची शोभा मानली जाते, हा त्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप आहे. गेम उद्योगात मुदत गाठण्यासाठी आठवडेच्या आठवडे जादा तास राबवून घेण्याची पद्धत आहे. २००४ मध्ये अमेरिकेतील एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने निनावी पत्र लिहून ती चव्हाट्यावर आणली आणि पुढे न्यायालयात दावेही चालले. विसाव्या वर्षी हौसेने लागलेली सवय पंचविसाव्या वर्षी नोकरीत गृहीत धरली जाते, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. हा आक्षेप बिनबुडाचा नाही. काही आयोजक आता रात्री सभागृह बंद ठेवतात. थकलेल्या गटाचा खेळ सकाळी अधिक बिघडलेला आढळतो, हा अनुभवही त्यांच्या बाजूने आहे.

दुसरा प्रश्न मालकीचा. ग्लोबल गेम जॅममध्ये खेळाचे हक्क तो करणाऱ्यांकडेच राहतात. मात्र खेळ मूळ संहितेसह खुला करावा लागतो आणि तो अव्यावसायिक वापराच्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली इतरांना उपलब्ध होतो. इतर कोणी त्यात बदल करू शकतो, पण विकू शकत नाही. करणारे स्वतः विकू शकतात, परंतु सर्व भागीदारांची संमती असेल तरच. चौघांनी मिळून केलेला खेळ वर्षभराने एकाला पुढे न्यावासा वाटतो आणि उरलेल्या तिघांचा पत्ता लागत नाही, असे प्रसंग घडू शकतात. शिवाय काही शिक्षणसंस्थांच्या नियमांनुसार अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या खेळाचे हक्क संस्थेकडे जातात. असा जॅम गुणांसाठी धरला जात असेल, तर प्रवेशाच्या वेळी केलेला करार आधी वाचणे आणि गटातील वाटणी रविवारीच, सर्व जण समोर असताना, लिहून ठेवणे इष्ट असते.