भूकंप, भिंती आणि आपली भीती

10 जुलै 2024 रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 रिश्टरचा भूकंप झाला. बातमी कळल्यावर तीर्थपुरीतील एका शाळकरी मुलीने मला विचारले, "सर, आता किल्लारीसारखे होईल का? आजी म्हणते, अंगणातच झोपू."

विद्यार्थी मित्रहो, आजीची भीती खोटी नव्हे. 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून माणसे दमून झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांची भूमी हादरली. किल्लारी, सास्तूर यांसारखी गावे क्षणात ढिगारा झाली आणि साडेसात हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली.

तो भूकंप 6.2 रिश्टरचा होता. 4.5 आणि 6.2 हे आकडे जवळचे वाटतात ना? पण या मापात एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट होते. हिशेब केला तर किल्लारीची ऊर्जा हिंगोलीच्या सुमारे 350 पट भरते!

भूकंप हा कोणाच्या पापाचा दंड नव्हे. भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे रेटला जात आहे. त्या रेट्याचा ताण दख्खनच्या जुन्या खडकांतही साठतो. एखाद्या कमकुवत जागी खडक सरकला की तो ताण मोकळा होतो.

मग एवढी माणसे का दगावली? दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी तिथली घरे होती. उन्हाळ्यात ती थंड राहत. परंतु जमीन एकदम बाजूला सरकली की जडत्वामुळे जड छत जागीच राहू पाहते. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या दगडांना सांधणारे काही नसेल, तर ती फुगून फुटते आणि छत खाली येते.

हे घरी करून पाहा. पाटावर काड्यापेट्यांच्या दोन चळती शेजारी शेजारी रचा, वर जाड पुस्तक ठेवा आणि पाट आडवा झटका. आता दोन्ही चळतींना मिळून दोरा गुंडाळा व तेवढाच झटका द्या. फरक तुम्हीच सांगा. भिंतीतून आरपार जाणारे लांब दगड आणि सर्व भिंतींना जखडणारा काँक्रीटचा पट्टा या दोऱ्याचेच काम करतात.

भूकंपाचा दिवस व वेळ आजही कोणी सांगू शकत नाही. तेव्हा "आज रात्री बारा वाजता येणार" असा निरोप आला, तर तो पुढे पाठवू नका. लहान धक्क्यामागून बहुधा मोठा येत नाही. पण येणारच नाही, असेही म्हणता येत नाही. म्हणून भिंतीला तडे असतील, तर जाणकाराला दाखवेपर्यंत बाहेर झोपणेच शहाणपणाचे.

संकटानंतर झोप न येणे, दचकून उठणे, रडू येणे यात लाज कसली? ते मोठ्यांशी बोला. शाळा, खेळ, अभ्यास पुन्हा सुरू करा. ज्याच्या घरचे माणूस गेले त्या मित्राला उपदेश करू नका; त्याच्याजवळ बसा, तो सांगेल ते ऐका.

मी त्या मुलीला म्हणालो, "आजीला म्हणावे, उद्या उजेडी आपण दोघी घराच्या भिंती पाहू."