मापकाला साक्षीदार लागतो

वैनगंगेच्या पाण्यावर दोन मोठी औष्णिक वीजकेंद्रे चालतात. भंडारा जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपलीकडे मौदा, २,३२० मेगावॅटचे. त्याला पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द जलाशयाचे पाणी. पूर्वेला तिरोडा, ६६० मेगावॅटचे पाच संच. तिरोडा आज गोंदियात, पण १९९९ मध्ये तो जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडाऱ्यातच होते. अशा एका संचातून दाब, तापमान आणि प्रवाहाचे हजारो आकडे अखंड नियंत्रण कक्षात येत असतात. त्यातला खोटा कोणता, हे नुसते त्याच्याकडे बघून कळत नाही.

तारांतून संदेश ४ ते २० मिलीअँपिअर प्रवाहाच्या रूपाने येतो. शून्य वाचन म्हणजे ४. का, तर तार तुटली की प्रवाह खरोखरचा शून्य होतो आणि ‘काही नाही’ व ‘काही कळत नाही’ यांतला फरक लगेच कळतो. फार साधी आणि फार हुशार युक्ती आहे ही.

पण सगळे बिघाड इतके प्रामाणिक नसतात. पाण्याचा प्रवाह बहुधा दाबाच्या फरकावरून काढतात. मोठ्या नळाच्या दोन ठिकाणांहून बोटाएवढ्या जाडीच्या नळ्या मापकापर्यंत आलेल्या असतात. त्यांत गाळ बसला की आकडा जागच्या जागी थिजतो. चालू संचात आकडा सतत थोडा थरथरतो, म्हणून अति शांत आकड्यावर अनुभवी माणूस आधी संशय घेतो. काही मापके थिजत नाहीत, महिनोन्‌महिने हळूच एका बाजूला सरकत राहतात. ती पकडणे सर्वांत अवघड.

इथे निसर्गाचे नियम साक्षीला येतात. टर्बाइनमधून उतरलेल्या वाफेचे कंडेन्सरमध्ये निवून पाणी होते. तिथे दाब ०.१० बार असेल तर वाफेचे तापमान सुमारे ४६ अंश सेल्सिअस असायला हवे. समजा दाबमापक ०.१० दाखवतो आणि तापमापक ५२. पाणी होत असलेल्या ५२ अंशांच्या वाफेचा दाब ०.१३६ बारच्या खाली जाऊच शकत नाही. म्हणजे दोघांपैकी एक चुकतो आहे. उलट दाब तापमानाच्या मानाने जास्त दिसला, तर मापके बरोबर असून आत हवा शिरत असेल. चूक कुठे आणि दोष कुठे, हे त्या दोन आकड्यांच्या जोडीतून उलगडते.

पुढची पायरी हिशेबाची. मामा (माजी मालगुजारी) तलाव सांभाळणाऱ्याला हा हिशेब अंगवळणी असतो: आलेले पाणी म्हणजे पाटाने गेलेले, मुरलेले, उडालेले आणि तलावात वाढलेले, यांची बेरीज. तसेच बॉयलरमध्ये शिरलेले पाणी आणि निघालेली वाफ वजनाने सारखी हवीत. समजा पाण्याचे मापक ताशी २,०२० टन म्हणते, वाफेचे १,९७०. पहिल्याची ठरलेली अनिश्चितता २० टन, दुसऱ्याची ४०. ५० टनांची तफावत निम्मी-निम्मी वाटायची नाही. अनिश्चिततेच्या वर्गांच्या प्रमाणात, म्हणजे १ : ४ अशी वाटायची. पाण्यातून १० वजा, वाफेत ४० मिळवले, दोन्ही २,०१० वर येतात. तफावत १५० असती तर मात्र दुरुस्ती करत बसायचे नसते. एवढी तफावत सहजी पडत नाही. मापक उघडून बघायचे.

तफावत अशी वाटण्याची ही किमान वर्गांची रीत फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ मध्ये छापली. जर्मन गणिती गाउस यांनी ती १८०९ मध्ये आकाशस्थ गोलांच्या गतीवरील ग्रंथात मांडली, आपण आधीपासून वापरतो असा दावाही केला. वीजकेंद्राला ती कितीतरी उशिरा मिळाली.

साक्षीदार हजर असून ऐकला नाही तर? २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात झडप उघडीच राहिली होती. पटलावरचा दिवा मात्र झडप बंद करण्याचा हुकूम गेला एवढेच सांगत होता. पलीकडच्या नळाचे तापमान चढे होते. ते दिसले, पण त्याचा अर्थ वेगळा लावला गेला.

सगळ्यांत अवघड साक्ष कोळशाची. पट्ट्यावरचा काटा वजन सांगतो; पण पावसाळ्यात त्यातले पाणी किती आणि जळणारे किती, हे तो सांगत नाही. म्हणून अनेकदा वाफेकडून उलटा हिशेब करून भट्टीत गेलेली उष्णता काढतात आणि मग काट्याकडे बघतात.